टाकीवरचा लाल दिवा

आमच्या गावात बिबट्या आला की शिपाई माइक हातात घेतो, दोन फुंकरा मारतो आणि ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या भोंग्यांतून सांगतो, "नदीकडच्या मळ्यात बिबट्या दिसलाय हो! लेकरं घरात घ्या, शेळ्या आत बांधा." बेलापूरपासून जवळ, प्रवरेच्या काठाला, उसात बुडालेलं आमचं गाव. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचं घर मोडतं आणि तो आमच्या घरांकडे निघतो. गावाला त्याचं फारसं काही वाटेनासं झालंय. श्रीरामपूरहून पाहुणे आले की त्यांना घाबरवायला तेवढा उपयोगी पडतो.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तो मळ्यात गायीसाठी घास कापत होता आणि भोंगा वाजला. सगळी वस्ती घरात शिरली, दारं लागली. भाऊ आपला वाफ्यात उकिडवा, आमच्याकडे पाठ, विळा चालूच. मी चपला न घालता पळत सुटले. शेजारच्या बांधावर बिबट्याचे ताजे ठसे होते, ते मी येताना पाहिले. भावाच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून उठला, माझं तोंड बघून हसला आणि त्यानं हातानं विचारलं, 'कुणी मारलं तुला?' मी त्याला पुढं घातलं आणि ढकलत ढकलत घरी आणलं.

दारात आई उभी होती. तिनं एका वाक्यात निकाल लावला, "आजपून ह्यो एकटा मळ्यात जानार न्हाई."

बावीस वर्षांचा बाप्या गडी. नगरच्या निवासी शाळेत शिकलेला, दोन गायी स्वतःच्या हिमतीवर सांभाळणारा. त्याला स्वतःच्या मळ्यात जायला बहीण सोबत लागू लागली. मी घरी मुलांच्या शिकवण्या घेते. त्या सोडून मी बांधावर राखणदारासारखी बसायची आणि तो घास कापायचा. तो माझ्याशी बोलेना. बहिरा माणूस अबोला धरतो तेव्हा तो तुमच्याकडे बघतच नाही, आणि त्याहून वाईट अबोला मी तरी पाहिलेला नाही. मीही काही शांत डोक्याची बाई नाही. चार दिवस मीही गाल फुगवून बसले.

मग एका रविवारी त्यानं मला श्रीरामपूरला नेलं. काय काम आहे ते सांगितलं नाही, एसटीत बसवलं फक्त. स्टँडच्या मागच्या चहाच्या टपरीजवळ पंधरा-वीस पोरं-पोरी घोळका करून उभी होती आणि त्या घोळक्यातून आवाज म्हणून येत नव्हता. सगळ्यांचे हात मात्र चालले होते. एकजण रागावला होता, दोघी त्याची समजूत घालत होत्या, एक पोरगी हसून हसून बाकड्यावर आडवी झाली होती. स्टँडवर कंडक्टर ओरडत होते, गाड्या हॉर्न देत होत्या, आणि त्या गोंगाटाचा एक कणही ह्यांच्या गप्पांना लागत नव्हता. उलट समोरच्या फलाटावरून एक पोरगा मधल्या गाड्यांच्या फटीतून अख्खं संभाषण करत होता. आपल्याला तिथून 'चहा घेणार का' एवढं विचारायचं तरी घसा बसला असता.

आणि आमचा भाऊ! घरात जो ताटावर मान खाली घालून जेवतो, पाहुणे आले की गोठ्यात जाऊन बसतो, तो तिथं मधोमध उभा राहून गोष्ट सांगत होता. बिबट्याचीच. तो बिबट्या झाला, मग भोंगा झाला, मग अनवाणी पळणारी मी झाला. माझं धापा टाकणं, केस सुटणं, सगळं हुबेहूब. लोक गडाबडा लोळायचे बाकी होते. मला राग यायला हवा होता. पण मी नुसती बघत राहिले. एका घरातले असून आपला भाऊ असा बोलका, असा नकलाकार आहे हे मला स्टँडवर कळावं, याचं मला फार नवल वाटलं आणि भरूनही आलं.

ह्या मंडळींत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. माझ्या भावाचं, गालावरच्या खळीत बोट फिरवणं. मला त्याच दिवशी नाव मिळालं. बोटांची चोच करून ती सारखी उघडमीट करायची. सांगायला नको का ते.

हसणं ओसरलं तेव्हा हनुवटीवर बोटानं रेघ ओढणं हे जिचं नाव, ती पोरगी पुढं आली. तिच्या हनुवटीवर जुना व्रण आहे. ती खर्ड्याकडची, आईबाप दरवर्षी आमच्या भागात ऊसतोडीला येतात. तिनं विचारलं, 'आईनं बंदी घातली कारण तू बहिरा आहेस. भोंग्याला तोंडच आहे फक्त, त्याला कुणी दोष देत नाही. का?' हे मला भावानं नंतर नीट उलगडून सांगितलं, कारण तिचा वेग मला झेपत नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं. खबर कानाला देता तशी डोळ्याला पण द्या. पाण्याची टाकी गावात सगळ्यांत उंच. तिच्यावर लाल दिवा लावा, अँब्युलन्सवर असतो तसा गरगरणारा. भोंगा वाजला की दिवा पेटला पाहिजे.

मग वाद झाला. एका पोराचं म्हणणं, गावात बहिरे दोन, त्यांच्यासाठी कोण टाकीवर चढणार? त्यावर ती म्हणाली, 'आमच्या कोप्या, उसाच्या पाल्याच्या झोपड्या, उसाला लागून असतात. भोंग्यांची तोंडं गावाकडे. ट्रॅक्टर चालू असला की माझ्या आईला, जिला चांगलं ऐकू येतं, तिलाही काही ऐकू येत नाही. दोघांसाठी कशाला मागता? सगळ्यांसाठी मागा.' चहाचे कप गार झाले तरी ही पोरं बोलत होती. दिव्यांग हक्काचा कायदा काय म्हणतो, गावात राहायला आलेल्या मजुराचा गावावर हक्क किती, पोरींना खुणांची भाषा शिकायला घरचे का पाठवत नाहीत, खुणांच्या वर्गाला बुद्धविहारात रविवारी जागा मिळेल का. आमच्या विहारात मिळाली. तिथं पहिल्या दिवशी सगळ्यांनी मूठ उंचावून जयभीम केला तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांनी आपोआप मुठी वर केल्या.

नोव्हेंबरअखेरच्या ग्रामसभेत भावानं विषय मांडला. तो हातानं बोलला, मी शेजारी उभी राहून तोंडानं. सरपंच पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते.

"ताई, त्याला म्हनावं आमची लई माया हाय तुमच्यावर. दिव्यांग दिनाला शाल घालू."

मागून कुणीतरी ओरडलं, "लाल दिवा कशाला पायजे? मंत्री व्हायचंय का?"

सभा खदखदून हसली. सरपंच म्हणाले, "पुढच्या सभेत बघू. मंजूर?" आणि दारात उभ्या असलेल्या, तंबाखू मळणाऱ्या, निम्म्या बाहेर असलेल्या गड्यांनी एका सुरात गर्जना केली, "मंजूऽऽर!"

आमच्याकडे ठराव असेच होतात. भावानं मला विचारलं, 'काय झालं? कोण काय म्हणालं?' मी सांगितलं, सगळे मंजूर म्हणाले. मग त्यानं भिंतीकडच्या सतरंजीकडे बोट केलं, जिथं बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. 'त्यांची तोंडं मिटलेली होती,' तो म्हणाला. 'सगळे कुठं?'

इतकी वर्षं मी ग्रामसभेला जाते. मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण मी ऐकत होते.

प्रजासत्ताक दिनाच्या सभेपर्यंत त्या पोरांनी जे केलं ते बघून मी अक्षरशः तोंडात बोट घातलं. ग्रामपंचायतीच्या शिपायाला पटवून एकजण टाकीच्या जिन्यावर भाड्यानं आणलेला दिवा घेऊन उभा राहिला, बाकीचे मळ्यामळ्यांत पांगले. कुठून दिसतो, कुठं झाड आड येतं, उसाच्या आतून काय दिसतं, सगळं हिंडून बघितलं. उसाच्या आत दिसत नव्हता. पण माणूस बांधावर आला की दिसत होता, आणि कोप्यांच्या अंगणातून तर स्वच्छ दिसत होता. एवढ्या लांबून ती पोरं एकमेकांशी हातवारे करून बोलत होती आणि मी मध्ये उभी, फोनला रेंज नाही म्हणून वैतागलेली.

सभेच्या सकाळी भावानं मला सांगितलं, 'आज तू माझ्या शेजारी उभी राहायचं नाही. सगळ्यांच्या मागं उभी राहा.' मला कळेना. तो हसला. 'तू मागं राहिलीस की ते माझ्याकडे बघतील.'

झेंडावंदन झालं, शाळेच्या हॉलमध्ये सभा बसली. या वेळी आईही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती बचत गटाच्या बायकांत, पदर ओढून बसली. तिनं घरी स्वच्छ सांगितलं होतं, "दिवा लागू दे न्हाईतर सूर्य लागू दे, मी त्याला एकट्याला धाडनार न्हाई." त्यामुळे ती दिव्याचा ठराव पाडायलाच आली असणार असं मी धरून चालले.

भाऊ पुढं उभा राहिला. त्याचे हात सुरू झाले आणि सगळ्यांच्या मागून माझा आवाज. पहिल्या वाक्याला लोकांनी माना वळवून मला शोधलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत माना परत वळल्या, कारण बघण्यासारखं सगळं पुढं होतं. त्यानं बिबट्या केला. भोंगा केला. वाफ्यात बसलेला स्वतः केला, पाठमोरा. मग कोपीतली बाई केली, ट्रॅक्टरच्या आवाजात भाकरी थापणारी, मागं खेळणारं लेकरू. कुणीही हसलं नाही. सरपंच त्याच्याकडे बघत होते. त्याच्याकडे! त्याचे हात थांबत नव्हते म्हणून मला थांबता येत नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, म्हणजे मी म्हणाले, "तुमी मंजूर वरडता तवा कोन वरडलं ते आमाला कळत न्हाई. आज वरडू नका. ज्याला दिवा पायजे त्यानं हात वर करा."

दारातल्या गड्यांची तोंडं उघडी राहिली. ओरडायची मनाई झाल्यावर त्यांना काय करावं सुचेना. शाळेच्या मैदानावर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेवढी ऐकू येत होती. आधी भावाच्या मित्रांचे हात वर गेले. हनुवटीवर व्रण असलेली पोरगी आईबापांना आणि टोळीतल्या बायकांना घेऊन बाहेर मैदानाच्या कडेला उभी होती. त्यांचं मत इथं धरत नाहीत, त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी हात वर केले, उसाच्या पाचटानं ओरखडलेले. आणि मग भिंतीकडून सतरंजी हलली. एक हात, मग शेजारचा. हिरव्या बांगड्या, प्लास्टिकच्या बांगड्या, काही रिकामे हात. ज्या बायकांचा आवाज त्या सभेनं कधी ऐकला नव्हता त्यांचे हात वर गेले आणि खाली येईनात. सरपंच ते बघून उभे राहिले. एवढे हात आमच्या गावात कायम होते, हे माझ्या मनात मावत नव्हतं.

आईचा हात मात्र मांडीवर होता. भाऊ तिच्याकडे बघत होता. बाकी कुणाकडेच नाही. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाहेर टाकीकडे पाहिलं, आणि पदरातून हात काढून वर केला. रडत होती आणि हात ताठ होता. दारातल्या गड्यांनीही मग एकेक करून हात वर केले.

टाकीवर दिवा लागला. पुढच्या आठवड्यापासून भाऊ मळ्यात एकटा जाऊ लागला. आई दारात बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची, पण त्याला अडवायची नाही.

फेब्रुवारी सरत आला होता. उन्हं कलली होती, मी ओट्यावर मुलांना पाढे म्हणायला लावले होते, आणि भोंगा वाजला, "नदीकडच्या मळ्यात बिबट्या..." पुढचं मी ऐकलंच नाही. मुलांना घरात कोंडलं आणि पळाले. पुन्हा अनवाणी. जुनी सवय पायातून जात नाही.

बांधावर पोहोचले तर पायवाटेनं भाऊ येत होता. डोक्यावर घासाचा भारा, चाल रोजचीच. एका हातानं त्यानं शेजारच्या चुलत्याच्या पोराची बाही धरली होती. त्या पोराच्या कानात मोबाईलचं गाणं, त्याला भोंग्याचा पत्ताच नाही, 'सोड ना' म्हणत मागं ओढला जात होता. त्यांच्या मागून कोप्यांतल्या बायका लेकरं काखेत मारून गावाकडे निघाल्या होत्या. टाकीवर दिवा गरगरत होता.

मला बघून भाऊ थांबला. बोलायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यानं पोराची बाही सोडली, भारा खाली ठेवला, हात झटकले. मला वाटलं, कौतुक करेल. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

'दिवा दिसला नाही का?' त्यानं विचारलं. 'बिबट्या आलाय. तू बाहेर काय करतेस?'

त्यानं भारा परत डोक्यावर घेतला, मला पुढं घातलं आणि घरी आणलं.