खांग मावशींचं तोंड

खांग मावशी छ्युएनचौ शहरात आमच्या गल्लीतली लग्नं जुळवतात. माझंही त्यांनीच जुळवलं. त्याबद्दल करुणेच्या देवीसमोर, क्वानइन मातेसमोर, त्यांना रोज क्षमा करते, पण अजून पुरती जमलेली नाही.

गेल्या महिन्यात मावशी सकाळी उठल्या तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा मिटेना, चहा ओठांतून गळायला लागला. इस्पितळातून गोळ्या मिळाल्या आणि सोबत ॲक्युपंक्चरच्या सुयाही टोचून घ्या म्हणाले, म्हणून त्या डॉक्टर मेंगांकडे येऊ लागल्या. माझा खांदा आखडलेला, त्यामुळे शेजारची खाट माझी.

घाई होती ती वेगळ्याच कारणाची. अठरा तारखेला शू मास्तरांची मुलगी आणि चहाच्या दुकानातल्या होंग बाईंचा मुलगा यांची लग्नाची बैठक होती.

"असल्या वाकड्या तोंडाने मुलगा सरळ आहे म्हणून सांगितलं तर कोण ऐकेल गं?" मावशी म्हणायच्या. "ही बैठक फिसकटली की माझा धंदा संपला."

डॉक्टर गालात सहा सुया टोचायचे, हाताच्या अंगठ्यापाशी एक. "जड वाटतंय? मुंग्या?"

"वाटतंय. डॉक्टर, तुमचा भाचा अजून..."

"तोंड मिटा. पंचवीस मिनिटं एक शब्द नाही."

दोन मिनिटंही झाली नसतील. पलीकडच्या खाटेवर मानेपासून कमरेपर्यंत सुया घेऊन एक गृहस्थ पालथे पडले होते. मावशींनी ओठांच्या फटीतून विचारलं, "मुलगी केवढी तुमची?"

"अठ्ठावीस," बिचारा म्हणाला. पळणार कुठे?

"मावशी!" डॉक्टर ओरडले. "माझी मेहनत पाण्यात!"

तरी सतरा तारखेपर्यंत डोळा मिटू लागला. पण बोलल्या की गाल अजून डावीकडे पळे. डॉक्टरांनी बजावलं, "उद्या बैठकीत बोलायचं नाही. नुसतं बसा."

मग मावशींनी बोलायला मला नेलं.

मास्तरांनी विचारलं, "मुलगा शांत आहे ना स्वभावानं?"

मला काय ठाऊक! पौर्णिमेचा उपास होता, त्यात खोटं कसं बोलू? "ठाऊक नाही," म्हटलं. टेबलाखालून मावशींची लाथ बसली.

शेवटी होंग बाईच म्हणाल्या, "शांत कसला? चटकन चिडतो. पण भांडी स्वतः घासतो."

मुलगी फसकन हसली. "चिडते तर मीपण. भांडी मात्र अजिबात घासत नाही."

मुलगा म्हणाला, "मग जमेल."

शेंगदाण्याचं गोड सूप गार व्हायच्या आत लग्न ठरलं. मावशींनी एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. "तीस वर्षं मी बोलत होते, ते कशासाठी गं?"

लाथेची जागा दुखत होती, नाहीतर काहीतरी बरं बोलले असते.

आज दवाखान्यात सुया टोचल्यावर मावशी पंचवीस मिनिटं छताकडे बघत निमूट पडून होत्या. डॉक्टर मेंग तीनदा येऊन डोकावले. चौथ्यांदा घाबरून त्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली.