दव सुकायच्या आत

दुकान उघडण्याआधी अर्लिस त्वेत रोज काउंटरपुढच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, त्याच्या जागेवरून दुकान बघत, क्षणभर बसायची. मग उठून दाराचं कुलूप काढायची. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावात औषधाचं दुकान तिचं एकच, आणि डॉक्टर मॅडॉक दीड तासाच्या रस्त्यावर.

कुणाची गोळी बदलायची तर अर्लिस फोन करायची, निरोप ठेवायची आणि वाट बघायची. शेवटी ती स्वतःच डॉक्टरांकडे गेली. करार करू, म्हणाली. निदान तुमचं, गोळीची मात्रा आणि वेळ मी जुळवेन, रक्त तपासेन, बिघडलं तर तुमच्याकडे पाठवेन.

"ही लागलेली सुगी बघू," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाच्या रोग्यांपुरतं. जमलं तर सगळ्यांसाठी, नाहीतर इथंच थांबू. ऑर्विल स्टेन्सबीपासून सुरू करा. मी त्याच्यापुढे हरलेय."

"शाळेपासून सगळेच हरलेत."

ऑर्विलच्या अंगात पाणी साचायचं. डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी वाढवली, तरी सूज हटेना. ऑगस्टमध्ये तो दुकानात आला तेव्हा बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. बांधल्याच जात नव्हत्या.

"बस. गोळी घेतोस?"

"घेतो की."

"ऑर्विल."

तो हातातली टोपी फिरवत राहिला. "अगं, न्याहारीनंतर घेतली की दुपारभर सारखं उतरावं लागतं. कापणीच्या कंबाइनवर संडास नसतो."

"म्हणजे सुगी लागल्यापासून बंद."

"गहू उभा आहे. गारा पडल्या तर वर्ष गेलं."

"आणि तू आडवा झालास तर?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरांना सांगू नकोस."

"सांगणार. करारच तसा आहे." तिने त्याचा रक्तदाब घेतला, वजन केलं, तपासायला रक्त काढलं. "दव कधी सुकतं?"

"अकराच्या सुमारास. ओल्या गव्हात कोण यंत्र घालतो?"

"मग पहाटे उठल्याउठल्या गोळी घे. दव सुकेपर्यंत तिचं काम उरकलेलं असेल."

मात्राही तिने पूर्वीइतकी कमी केली. डॉक्टरांनी वाढवली होती ती, तो गोळी घेतोय असं समजून. मग फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच, विचारायला नव्हे, कळवायला.

"दव," डॉक्टर पलीकडून हसत म्हणाल्या. "मी शिकागोची. मला जन्मात सुचलं नसतं."

"आणि त्याच्या हृदयाचे आवाज मला कळले नसते."

दर दोन-तीन दिवसांनी ऑर्विल वजनकाट्यावर उभा राहू लागला. काटा उतरत गेला. रक्ताचे आकडे ठीक आले. गारा दुसऱ्या तालुक्यात पडल्या.

शेवटचं शेत कापून झालं त्या दिवशी डॉक्टर मॅडॉक स्वतः आल्या. नवा करार त्यांनी काउंटरवर ठेवला: रक्तदाब, मधुमेह, दमा, गावातले सगळे रोगी. अर्लिसने चष्मा पुसून सही केली. तेवढ्यात ऑर्विल आत शिरला, अंगभर भुसा. खुर्ची ओढून बसला आणि पाय पुढे केले. दोन्ही बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या, वर गाठ.

तिघंही त्या बुटांकडे बघत राहिली.

दिवा मालवताना अर्लिस त्याला म्हणाली, "खुर्ची होती तिथे सरकव. सकाळी मला बसायचंय."