शब्द न टाकणारा शेजारी

मुलगी पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती कुवेतला आमच्याकडे आली, तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती: एखाद्या वकिली कार्यालयात चार आठवडे प्रशिक्षण घेतल्याचं पत्र. ते नसेल तर कॉलेज पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज घेणार नव्हतं. पुण्यातल्या जागा तोवर भरून गेल्या होत्या.

तिने इथल्या सात कार्यालयांना अर्ज पाठवले. दोन आठवडे झाले, एकाचंही उत्तर आलं नाही. सातही अर्ज मी तपासले होते. मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात वृत्तसंपादनाचं काम करतो. दुसऱ्याच्या मजकुरातलं जास्तीचं काढून टाकणं ही रोजची सवय.

आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहतात. मुलगी त्यांना चाचा म्हणते. ते एका वकिली कार्यालयात मंदूब आहेत, म्हणजे कार्यालयाचे कागद कोर्टात आणि सरकारी खात्यांत नेऊन, शिक्के मारून परत आणणारे. इथे पुष्कळ कामं ओळखीने होतात. त्याला वास्ता म्हणतात आणि तो मागताना कुणी संकोच करत नाही. एका शुक्रवारी दुपारी मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या साहेबांकडे शब्द टाकायला सांगितलं.

"नाय टाकणार," ते म्हणाले.

मला राग आला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"भाऊ, तोंड पाडू नका. माझ्या शब्दावर गेली तर मंदूबच्या ओळखीची पोरगी म्हणून चार आठवडे चहा पाजतील. फाइल कोण देणार नाय. पत्र मिळेल, पण शिकणार काय?"

"चाचा, मला आत्ता चहासुद्धा चालेल," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

"तुला चालेल. मला नाय चालत. अर्ज दाखव."

त्यांनी चष्मा लावून तिच्या फोनवर अर्ज सावकाश वाचला. फाइलींमुळे त्यांना इंग्रजी चांगलं वाचता येतं.

"हे कोणी लिहिलंय? पेपरातली बातमी वाटते."

"मीच. पप्पांनी थोडं एडिट केलं."

"थोडं? ह्याच्यात तू कुठे आहेस, बाय? सगळीकडे हेच पाठवलंस?"

"नाव बदलून."

त्यांनी बाकीचे अर्जही उघडले. एका कार्यालयाला गेलेल्या पत्रात दुसऱ्याच कार्यालयाचं नाव तसंच राहिलं होतं. ते मलाही दिसलं नव्हतं.

मग त्यांनी त्यांच्या कार्यालयात अर्जाचं काय होतं ते सांगितलं. पत्रं समोरच्या टेबलावरची सेक्रेटरी उघडते. कार्यालयाची स्तुती वाचायला तिला वेळ नसतो. कधीपासून, किती आठवडे, इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, कोणाच्या नावावर, पगाराची अपेक्षा आहे की नाही, शेवटी पत्र हवं का, हे तिला पहिल्या चार ओळींत दिसायला हवं. नंतर, ते कार्यालय करतं काय आणि त्यातलं आपल्याला काय बघायचं आहे.

"हे जहाजांचे वकील. त्यांना तू भाडेकरूंवरचा निबंध जोडलास. ते काय बोटीत खोली भाड्याने देतात?"

मुलगी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"आमच्याकडे कामगारांच्या केसेस जास्त. त्यातलं काही केलंयस?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात अर्दियातल्या एका गोदामात तिने कामगारांना त्यांचे करार वाचून दाखवले होते. शाळेत शिकलेली अरबी आणि शेजारचा इंग्रजी रकाना यांवर ते जमत होतं. एका कलमात तिची चूक झाली. गावी जायचं तिकीट दोन वर्षांनी मिळणार होतं, तिने दरवर्षी सांगितलं. घरी आल्यावर चूक लक्षात आली. पुढच्या शुक्रवारी ती परत गेली आणि सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवलं. एकजण फार चिडला. त्याने घरी येतो म्हणून कळवून टाकलं होतं.

हा मजकूर तिच्या पहिल्या खर्ड्यात होता. तो मी काढला होता. वर्तमानपत्रात दुरुस्ती आतल्या पानावर, बारीक अक्षरात छापतात. अर्जात आपली चूक कोण घालतं, असं मला वाटलं होतं. हे मी चाचांना सांगितलं.

"चूक लिहायची मग?" मुलीने विचारलं.

"तू परत गेलीस ते लिही. चूक त्यात येईलच."

नवे अर्ज तिने एकटीने लिहिले. तीनच, तिन्ही वेगळे. मला दाखवले नाहीत, मीही मागितले नाहीत. त्यातला एक चाचांच्या कार्यालयाला होता. त्यांना तिने तेवढं कळवलं. ते "बरं" म्हणाले आणि विषय बदलला.

चौथ्या दिवशी त्याच कार्यालयातून फोन आला. मुलाखत एका इजिप्शियन ज्येष्ठ वकिलांनी घेतली. त्यांनी गुणांबद्दल काही विचारलं नाही. चिडलेला माणूस काय म्हणाला आणि तिने त्याला काय उत्तर दिलं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, उत्तर नव्हतं, मी ऐकून घेतलं. रविवारपासून ये, असं त्यांनी सांगितलं.

चार आठवडे तिने जहरा आणि सुलैबियातल्या कामगारांच्या तक्रारी वाचून तारखांचे तक्ते केले. चाचा कागद घेऊन तिच्या टेबलाजवळून जात आणि सलाम करून पुढे जात. "ओळखसुद्धा दाखवत नाहीत," अशी तिची घरी तक्रार असे. दोघं एकाच इमारतीत राहतात हे तिथे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

शेवटच्या दिवशी मिळालेल्या पत्रात अकरा प्रकरणांवर काम केल्याची नोंद होती. कॉलेजने परीक्षा अर्ज स्वीकारला. पण त्याआधी ती ते पत्र घेऊन वरच्या मजल्यावर गेली, मागोमाग मीही. चाचांनी ते उभ्यानेच शेवटपर्यंत वाचलं, पत्नीला त्याचा अर्थ सांगितला आणि आम्हाला जेवायला बसवलं. आभाराचं नीट वाक्य मला त्या वेळी सुचलं नाही. ते इथे लिहून मानतो आहे.