पंचांगाच्या समासातील नोंद

देवळात पूजा सांगताना मी एक सवय जोपासली होती. नामकरणाचे अक्षर विचारायला कोणी आले, की बाळाचे नक्षत्र, चरण आणि पित्याचे नाव त्या वर्षीच्या पंचांगाच्या समासात टिपून ठेवायचे. त्या नोंदींपैकी एक कधी माझीच परीक्षा पाहील, हे मनात आले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात चर्चच्या सिस्टर दारी आल्या. वेठीस धरलेले मजूर आणि कामाला जुंपलेली मुले यांच्या सुटकेसाठी त्या झटत. परळीजवळच्या एका वीटभट्टीवर आमच्याच गावची मुलगी मातीत राख कालवीत होती. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेला बाप वारला. मालक तिला सोडीत नव्हता. ती एकोणीस वर्षांची असून राजीखुशीने राहते, असे त्याचे म्हणणे. आधारकार्डावर जन्म अंदाजाने लिहिलेल्या एक जानेवारीचा, अर्ध्या गावाचा असतो तसा. शाळेत नाव नव्हते.

"गुरुजी, तुमच्या पंचांगात असंल," सिस्टर म्हणाल्या.

नोंद होतीच. अश्विनीचा तिसरा चरण, अक्षर 'चो'. "चोवरनं काय ठिवू, महाराज? चोळी?" असे म्हणून हसणारा तिचा बापही मला आठवत होता.

"शोधून ठेवतो. सोमवारी या," मी म्हणालो.

दुसऱ्याच सकाळी भट्टीचा मुकादम देवळात आला. वाकून पाया पडला.

"काका, जुनी कागदं लई जपता म्हणं. वाळवी लागती, बरं का. आन् ह्या वयात पाद्र्यांच्या नादी कावून लागता?"

त्याने प्रसाद दोनदा मागून घेतला. तो गेल्यावर संकल्प सांगताना मला त्या दिवशीची तिथी आठवेना.

सोमवारी देवळात मी सिस्टरांना सांगितले, "सापडत नाही." देवासमोर उच्चारलेले ते माझे पहिले असत्य नसेल, सर्वांत भ्याड मात्र तेच.

त्या उठल्या नाहीत. "मुकादम आलता का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"माझ्याकडं बी आलता. मला बी भ्या वाटतं, गुरुजी. पण पोरगी तिथंच हाय."

पंचांग मी माझ्याच आसनाखाली दडवले होते. मी बाजूला सरकलो.

तहसील कचेरीत मुकादमाला मुलीसह बोलावून घेतले होते; तिथे मी नोंद वाचून दाखवली. अधिकाऱ्यांनी पंचांगावरच्या शकापासूनची वर्षे बोटांवर मोजली. मुलीला बारा वर्षे पुरी होऊन तेरावे लागले होते. मग त्यांनी तिलाच विचारले, "बाळ, तुझं वय काय?"

तिने दारातल्या मुकादमाकडे पाहिले. "एकोणीस."

अधिकाऱ्यांनी त्याला बाहेर घालवून दार लावले आणि पुन्हा विचारले. ती पुन्हा म्हणाली, "एकोणीस."

त्यांनी तिच्या कोवळ्या, राखेने फुटलेल्या हातांकडे क्षणभर पाहिले आणि सुटकेचा आदेश लिहिला. सिस्टरांच्या जीपमध्ये बसल्यावरही ती तेच पुटपुटत होती.

जीप गेली. मी एसटीत बसलो. मुकादम चढला आणि माझ्या मागच्या आसनावर बसला. गाव आले, तेव्हा माझ्या मागोमाग तोही उतरला.