परसातली करंटची तार

आमच्याकडे कुत्रा आला तो आमचं संस्थान विलीन झालं म्हणून. जहागिरी गेल्यावर एका सरदारांनी आपले शिकारी कुत्रे ओळखीच्या घरांत वाटून टाकले. माझे बाबा आधी दरबारच्या आणि मग सरकारच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. मोटारखाना तोच, फक्त पाटी बदलली होती. त्या सरदारांची मोटार त्यांनी पुष्कळदा दुरुस्त केली होती, म्हणून एक कुत्रा आमच्या वाट्याला आला. तपकिरी, वासराएवढा, आणि खानदानाच्या बाबतीत आमच्यापेक्षा बराच वरचा.

गोरखी या जुन्या राजवाड्याजवळ आमचं घर होतं. मागे परस, आणि परसाला कमरेएवढी भिंत. रोज दुपारी चार वाजता कुत्रा ती भिंत ओलांडून सरदारांच्या फाटकाशी जाऊन बसायचा. तिथे त्याला पूर्वी चारला मटण मिळायचं. आता फाटकाला कुलूप होतं, पण हे त्याला कोण सांगणार? बाबा सायकल घेऊन जायचे आणि त्याला दोरीनं धरून आणायचे. बाडा चौकातला पानवाला विचारायचा, "मिस्त्रीजी, कौन किसको ला रहा है?"

"बांधून का नाही ठेवत याला?" आई म्हणाली.

"बांधलेला कुत्रा चिडका होतो," बाबा म्हणाले. "त्याला मोकळाच ठेवायचा. फक्त हद्द समजवून द्यायची."

एका रविवारी त्यांनी मोटारीची जुनी बॅटरी आणि कॉइल आणली, करंट भिंतीत उतरू नये म्हणून भिंतीवर बाटल्यांच्या माना बसवल्या आणि त्यांवरून, मागच्या फाटकावरूनसुद्धा, तार फिरवली. पेटीतून टिकटिक आवाज यायला लागला. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस," असं त्यांनी आम्हांला सांगितलं. पहिल्या तीन दिवसांत ही मुंगी आईला चावली, दूधवाल्याला चावली आणि बाबांना स्वतःला दोनदा. कुत्रा चार वाजले तरी न हलता परसाच्या मधोमध पडून हे सगळं बघत होता.

"बघितलंस? समजलं त्याला," बाबा मला म्हणाले.

चौथ्या दिवशी चार वाजले. कुत्र्यानं भिंतीवर पाय रोवले, छाती तारेला टेकली आणि तो असा किंचाळला की सगळी गल्ली बाहेर आली. पण तोवर तो पलीकडे पडला होता. तिथून उठला आणि नेहमीसारखा सरदारांच्या फाटकाकडे गेला.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. बाबांनी त्याला परत आणला, तर तो आमच्या मागच्या फाटकाबाहेरच बसला. त्याच्या मते घर चावत होतं. बाबांनी पेटी बंद केली. मग तार गुंडाळली, बाटल्या काढल्या. स्वतः तीन वेळा आत-बाहेर करून दाखवलं. कुत्रा मान वाकडी करून बघत राहिला, पण पाऊल टाकेना.

"पुढच्या दारानं घेऊ आत," बाबा म्हणाले.

पुढून परसात यायचं तर स्वैपाकघरातून यावं लागायचं, आणि आईचा स्वैपाक सोवळ्यातला. "माझ्या चुलीपुढून कुत्रा जाणार असेल," ती म्हणाली, "तर मी आजच माहेरी जाते."

मग बाबांनी त्याला उचलला. किरकोळ अंगाचा माणूस तो. कुत्र्याचे मागचे पाय जमिनीला लागत होते. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फिरायला नेताना उचलून बाहेर, फिरणं झालं की उचलून आत. शेजारीपाजारी वेळ साधून बघायला उभे राहायचे. कुत्रा मात्र पालखीत बसल्यासारखा शांत असायचा. एक गोष्ट खरी: चारला पळून जाणं बंद झालं. बाबा त्याचं श्रेय तारेलाच द्यायचे.

मग नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि बाबांच्या बदलीचा हुकूम आला. जाताना त्यांना घरापेक्षा कुत्र्याची काळजी जास्त. पोचल्यावर त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. त्यात कुत्र्याला भिंतीवरून ये-जा करायला फळीचा उतार कसा करायचा, त्याचं मापासकट चित्र होतं.

आईनं पत्र वाचून कपाटात ठेवलं. फळी आली नाही, सुतारही आला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तू अभ्यास कर."

संक्रांतीला बाबा आले. रात्रभर गाडीत बसून चुरगळलेले, हातात ट्रंक. पुढच्या खोलीतून ते थेट आत यायला निघाले तर आई म्हणाली, "अहो, थांबा तिथंच. आधी आंघोळ, मग स्वैपाकघर."

बाबा उंबऱ्यावर थांबले. आत चुलीच्या उबेला कुत्रा चारी पाय पसरून झोपला होता. आईनं त्याला वळसा घालून भाताचं भांडं उतरवलं.

"हा कधीपासून इथं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," आई म्हणाली. "मला काय तो उचलवणार आहे?"

बाबांनी ट्रंक खाली ठेवली. मग पाणी तापलंय का, एवढंच विचारलं.