काकीची तुळई

लाटण्याचं टोक तुळईवर दोनदा आपटायचं, कान पुढे करायचा आणि निकाल द्यायचा, "ऐक. पोकळ आसा."

आमच्या लालबागच्या चाळीतल्या, तिसऱ्या माळ्यावरच्या काकीची ही सवय. तिची खानावळ होती. गिरणीत काम करणाऱ्या एकट्या माणसांना ती जेवण घालायची. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, लाटणं तेवढं हातात राहिलं. कलिंगड, नारळ, भिंत, काहीही ठोकून बघायची. एकदा मी चाळीच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलत होतो, तर तिनं लाटणं सरळ माझ्या कपाळावर रोखलं. सगळे खो खो हसले. मी भाडेकरू संघाचा सेक्रेटरी हो! आयुष्यभर बँकेत कारकुनी केली, निवृत्तीनंतर हाच काय तो मोठेपणा मिळाला, आणि तो मी जिवापाड जपत होतो.

आमच्यासारख्या जुन्या भाड्याच्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी वेगळा कर घेतात. उपकर म्हणतात त्याला. तो आम्ही भरायचा आणि सरकारी दुरुस्ती मंडळानं इमारत सावरायची, असा हिशेब. काकीच्या दारासमोरची गॅलरीची लाकडी तुळई आतून कुजली होती.

"कर भरतंव मां आमी? मगे माझी तुळई कोण बघतलो?" ती रोज विचारायची. "ती पडली तर माका हयसून हलवतले. माका खय जावचा नाय."

"पत्र दिलंय, काकी," मी म्हणायचो. पत्रं मी झकास लिहायचो. 'सविनय' हा शब्द मला इतका आवडायचा, की एकेका पत्रात तो तीनदा यायचा.

अखेर पाहणीचा दिवस ठरला. मंडळाचे इंजिनियर येणार! आता साहेब दारी येणार म्हटल्यावर आपण काय करतो? उगाच हसू नका, तुम्हीही तेच केलं असतंत. जिने धुतले, भिंतींना चुना मारला, दारोदार रांगोळ्या काढल्या, कांदेपोह्यांचा बेत ठरवला. राहिली काकीची तुळई. ती भलतीच गचाळ दिसत होती. मग मी तिच्यावर 'हार्दिक स्वागत'चा फ्लेक्स ताणून बांधला. फ्लेक्सच्या कोपऱ्यात माझा फोटो होता, हेही सांगून टाकतो.

"मेल्या, जखम दाखवची की झाकची?" काकी कडाडली.

"चाळीच्या इज्जतीचा प्रश्न आहे, काकी!" असं म्हणून मी तिला खाली पोहे करायला पाठवलं. ती लाटणं घेऊन साहेबांच्या पुढ्यात येईल, हीच मला धास्ती.

साहेब आले. पोहे दोनदा घेतले. "वा, बिल्डिंग छान मेन्टेन केलीय हो तुम्ही," म्हणाले आणि कागदावर तसंच लिहून गेले. दुरुस्तीच्या यादीत आम्ही पार तळाला. गाढव गाढव म्हणतात ते आणखी कुणाला?

वर्ष सरायच्या आत तुळईचा तुकडा खाली आला. नशीब, तेव्हा गॅलरीत कुणी नव्हतं. काकीचं पाण्याचं पिंप तेवढं फुटलं. मग धावपळ झाली. टेकू लागले, नोटीस चिकटली आणि तिसऱ्या माळ्यावरची सगळी बिऱ्हाडं लांब उपनगरातल्या संक्रमण शिबिरात, म्हणजे मंडळाच्या तात्पुरत्या खोल्यांत, हलवली. टेम्पोत चढताना काकी मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं लाटणं माझ्या हातात दिलं.

"मी परत येयसर ठोकीत ऱ्हव."

पुढची दोन वर्षं मी मंडळाच्या कचेरीत चपला झिजवल्या. या खेपेला 'सविनय' गाळून टाकलं आणि पडक्या तुळईचे फोटो जोडले. शेवटी नवी, सिमेंटची तुळई बसली. त्याच दुपारी काकीला फोन लावला, तो तुळईजवळ धरला आणि लाटण्यानं दोनदा ठोकलं.

"भरलेली आसा!" तिकडून आवाज आला. इतकी खूश मी तिला कधी ऐकली नव्हती. "मगे मी कधी येव?"

आणि माझ्या डोक्यात तोच जुना किडा वळवळला. "आठ दिवस थांब, काकी. रंग होऊ दे. सगळी एकदमच या. रांगोळ्या काढू, दणक्यात स्वागत करू."

"रंग काय खावचो आसा, मेल्या?" ती म्हणाली. पण थांबली. सेक्रेटरीचा शब्द ना!

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या मुलाचा फोन आला. काकी झोपेतच गेली होती. "तुमचा फोन आला त्याच दिवशी तिनं बोचकी बांधून दाराशी ठेवली होती," तो म्हणाला. मी जिन्यातच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

रंग छान झालाय. फिका पिस्ता, माझीच निवड. येणारेजाणारे कौतुक करतात. रोज सकाळी मी तिसऱ्या माळ्यावर जातो, लाटण्यानं तुळईवर दोनदा ठोकतो आणि कान पुढे करतो. भरलेली आहे, काकी. त्याच दुपारी तुला 'ये' म्हणायला हवं होतं.