पाणबुड्यांचा दोर

एकोणीसशे तीसच्या आगेमागे आमच्या दिघीच्या खाडीत दरसाल एक अरबी गलबत यायचं. त्याचा नाखवा आखातातल्या एका इवल्याशा मुलखाचा. तिथे म्हणे भात पिकत नाही, प्यायचं पाणीसुद्धा होडीने आणतात. पण समुद्रात मोती आहेत, आणि ते परदेशी विकून तांदूळ, सागवान, कापड सगळं बाहेरून आणतात. आमच्या ओटीवर बसून तो ही श्रीमंती सांगायचा. मी आ वासून ऐकायची.

वडील नव्हते. आई काथ्याचे दोर वळून घर चालवायची, आणि माझाही हात तोवर तिच्याइतकाच चालत होता. आमचं गिऱ्हाईक म्हणजे खाडीवरचे कोळी. त्यांना नांगराला जाड दोर लागायचा. त्यासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, तीन महिने चिखलात पुरली की भागायचं. नाखव्याला मात्र मोती काढणाऱ्या पाणबुड्यांना तळातून वर ओढायला बारीक, मऊ दोर हवा होता. त्याची सोडणं दहा महिने कुजवावी लागत. म्हणजे कोणता दोर वळायचा हे वर्षभर आधीच ठरवायचं, आणि मग माघार नाही.

नाखवा दोरावर हात ठेवून म्हणाला, "बहीण, तू वळशील तेवढा माझा." आईने कोळ्यांना नाही म्हणून सांगितलं. दोन वर्षं त्याने शब्द पाळला. तिसऱ्या वर्षी त्याने निरोप पाठवला, दुप्पट वळा. आम्ही सगळी सोडणं पुरली.

गलबत आलं, पण तो घरी आला नाही. आम्हीच दोराची वेटोळी गाडीत घालून बंदरावर गेलो. तो लाकूड भरत होता. म्हणाला, जपानी लोक आता शिंपल्यांत मोती पिकवतात, आमच्या मोत्यांना कुणी विचारत नाही, पाणबुडे घरी बसलेत.

"तुमाला हे कधी कळलं?" आईने विचारलं.

"मागच्या हंगामात."

"मग दुप्पट कशापायी सांगितलंत?"

"भाव फिरला असता तर? दोर तयार हवा होता."

हे तो अगदी निर्विकार चेहऱ्याने बोलला. त्याचा मुलूख बुडाला याची कीव मला तेव्हा आली नाही, आजही येत नाही. आमच्या वर्षभराच्या कष्टांवर त्याने स्वतःची आशा जपली होती.

परतताना कोळीवाड्यात थांबलो. कोळ्यांनी केव्हाच श्रीवर्धनहून दोर आणायला सुरुवात केली होती. एका कोळणीने आमचा दोर बोटांत फिरवला. "मऊ हाय गो," ती म्हणाली, "पण नांगर कसा धरंल यो?"

आई दुसऱ्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जाऊ लागली. तो दोर आम्ही विहिरीला लावला. कित्येक वर्षं पाणी शेंदलं, तळहाताला कधी बोचला नाही. एकदा भरलेली कळशी काठावर टेकवून आई म्हणाली, "इतका चांगला दोर मी आपल्या मानसांना कधी दिला न्हाय गो."